स्तन काढल्यावर पुन्हा करून घ्यायचा का? सोलापूरच्या बायकांचे प्रश्न

मी डॉक्टर नाही. जुळे सोलापुरात राहते, शाळेत गणित शिकवायचे. डावा स्तन काढून आठ वर्षं झाली. पहिली दोन वर्षं ब्लाऊजच्या आत कापडी उशी वापरली, मग पाठीचा स्नायू पुढे आणून तो करून घेतला. तेव्हापासून ओळखीपाळखीतून फोन येतात आणि फिरून फिरून तेच प्रश्न निघतात, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते आहे. निर्णय तुमचा आणि तुमच्या सर्जनचा. ओपीडीत गेल्यावर "डॉक्टर म्हणतील तसं" याच्यापुढे चार शब्द बोलता यावेत, एवढाच याचा उपयोग.

मुळात स्तन पूर्ण काढावाच लागतो का?

दरवेळी नाही. म्हणून हे आधी विचारायचं. गाठ लहान आणि एकाच जागी असेल तर ती आणि तिच्याभोवतीचा थोडा भाग काढून उरलेल्या स्तनाला शेक, म्हणजे रेडिएशन, देतात. इटली आणि अमेरिकेत १९७० च्या दशकात यावर दोन मोठ्या चाचण्या सुरू झाल्या. त्यांचे २० वर्षांचे निकाल २००२ मध्ये छापून आले: स्तन वाचवलेल्या बायका आणि पूर्ण काढलेल्या बायका सारख्याच जगल्या. गाठ मोठी असेल तर आधी केमो देऊन ती आकसवता येईल का, हेही विचारता येतं.

आपल्याकडे पुष्कळ जणी म्हणतात, "काढूनच टाका, कटकट नको." कॅन्सरइतकीच भीती शेकाच्या फेऱ्यांची असते. पण स्तन काढला म्हणून शेक टळतोच असं नाही. गाठ मोठी असली किंवा काखेतल्या गाठींपर्यंत (लसीका ग्रंथींपर्यंत) आजार गेला असला तर तो घ्यावाच लागतो. फेऱ्या वाचाव्यात म्हणून स्तन दिला आणि फेऱ्या राहिल्या त्या राहिल्याच, अशा दोघी-तिघी मला माहीत आहेत. आता बऱ्याच ठिकाणी पाच आठवड्यांऐवजी तीन आठवड्यांत, १५ बैठकांत शेक पुरा होतो. आणि कॅन्सरसाठी लगेच मुंबईच गाठावी लागते हाही समज सोडा. बार्शीला नर्गिस दत्त यांच्या नावाचं कॅन्सर रुग्णालय आहे, आणि देशातली खेड्यापाड्यांतल्या कॅन्सरची पहिली नोंदणी १९८७ मध्ये बार्शीतच सुरू झाली.

काहीच केलं नाही तर चालतं का?

चालतं. छाती सपाट ठेवणं म्हणजे उपचार अर्धवट सोडणं नव्हे. त्यामुळे आजार लवकर परत येत नाही आणि आयुष्य कमी होत नाही. माझी मावसबहीण नऊ वर्षं तशीच आहे, घरात उशीही घालत नाही. "आता कुणाला दाखवायचंय?" म्हणते. तिला ते शोभतं आणि पटतंही.

फक्त एक गोष्ट ऑपरेशनच्या आधी सर्जनला सांगा: "मला नंतर काही करायचं नाही, तर टाके सपाट बसतील असं शिवा." नाहीतर काखेजवळ चामडीची लोंबती घडी उरते. ती ब्लाऊजच्या कडेला घासते आणि उन्हाळ्यात तिथे घामोळं येतं. आधी सांगितलं तर बहुतेक वेळा टाळता येतं.

पुन्हा करतात म्हणजे नेमकं काय करतात?

दोनच रस्ते आहेत. एक, बाहेरची वस्तू आत ठेवायची, म्हणजे सिलिकॉनचं इम्प्लांट. दुसरा, आपल्याच अंगावरचं मांस, चरबी आणि कातडी तिथे आणायची. डॉक्टर त्याला फ्लॅप म्हणतात. फ्लॅप पाठीवरून आणता येतो किंवा पोटावरून. काही वेळा दोन्ही रस्ते एकत्र करतात: पाठीचा स्नायू वर आणि खाली छोटं इम्प्लांट.

फ्लॅपचेही दोन प्रकार आहेत. एकात मांसाचं मूळ, म्हणजे त्याला रक्त पुरवणारी नस, तोडत नाहीत. तसंच जोडलेलं ठेवून मांस फिरवून पुढे आणतात. दुसऱ्यात ते पूर्ण सुटं करतात आणि छातीतल्या नसेला मायक्रोस्कोपखाली जोडतात.

मूळ न तोडता मांस फिरवायची ही युक्ती आपल्याकडे जुनी आहे. टिपूच्या कैदेत नाक कापलं गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाचं नाक पुण्यात एका वैद्याने कपाळाची कातडी खाली फिरवून पुन्हा केलं होतं. ती हकीकत १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात छापून आली आणि तिकडचे सर्जन त्यातून शिकले. तो वैद्य कुंभार होता म्हणतात. मला हे माझ्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कळलं, आणि का कोण जाणे, धीर आला.

मग चांगला प्रकार कोणता?

हा प्रश्न असा विचारला की उत्तर चुकतं. सर्जनच्या खोलीत हे प्रकार जिन्याच्या पायऱ्यांसारखे मांडले जातात: खाली कापडी उशी, मग इम्प्लांट, मग पाठीचा फ्लॅप, आणि सगळ्यात वर मायक्रोस्कोपचं ऑपरेशन. ऐकणारीला वाटतं, पैसे असते तर वरच्या पायरीवर गेले असते. तसं काही नाही. मी गणिताची बाई, मी फेऱ्या मोजते. ऑपरेशन झाल्यावर किती वेळा परत यावं लागेल, आणि रात्री अकराला छाती सुजली तर कोण बघेल, या दोन प्रश्नांवर आपल्यासारख्यांचा निर्णय ठरतो.

इम्प्लांटचंच घ्या. ऑपरेशन सगळ्यात छोटं, पाठीवर-पोटावर जखम नाही, घरी लवकर. कानाला सोपं वाटतं. पण पुष्कळ वेळा ते दोन टप्प्यांत होतं. आधी आत एक रिकामी पिशवी ठेवतात, तिला एक्स्पांडर म्हणतात. मग दर आठवड्या-पंधरवड्याला सुईने सलाईन भरून कातडी ताणत नेतात आणि काही महिन्यांनी दुसऱ्या ऑपरेशनमध्ये ती काढून इम्प्लांट बसवतात. सलाईन भरायच्या पाच फेऱ्या धरा, टाके आणि ड्रेनच्या (जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीच्या) दोन, दुसरं ऑपरेशन, त्यानंतरच्या दोन. पहिली धरून झाल्या अकरा. सोलापूर ते पुणे अडीचशे किलोमीटर, जाऊन-येऊन पाचशे. अकरा फेऱ्यांचे साडेपाच हजार किलोमीटर होतात, आणि प्रत्येक फेरीत सोबतच्या माणसाचा एक रोज बुडतो. शिवाय इम्प्लांट जन्मभराचं नसतं. दहा-पंधरा वर्षांनी, कधी त्याआधीच, बदलावं किंवा काढावं लागू शकतं. चाळिशीतल्या बाईने ते ऑपरेशन आजच्या हिशेबात धरायला हवं. इम्प्लांटमध्ये जंतुसंसर्ग झाला तर औषधांनी दरवेळी निभत नाही, बऱ्याचदा ते काढावं लागतं, आणि तेही लवकर.

जोडलेल्या नसेच्या फ्लॅपमध्ये पहिलं ऑपरेशन मोठं असतं, रुग्णालयात चार-सहा दिवस जास्त जातात आणि एक जखम वाढते. पण एकदा ते मांस तिथे रुजलं की ते तुमचंच. तुम्ही जाड झालात की तेही थोडं भरतं, रोड झालात की उतरतं. मायक्रोस्कोप लागत नाही, बाहेरची वस्तू विकत घ्यावी लागत नाही. आपल्या भागातल्या बऱ्याच जणींना पाठीचा फ्लॅप का सुचवतात, त्याचं कारण हे. तो गरिबांचा पर्याय आहे, असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका.

एक अपवाद सांगते. शेक लागणार नाही हे नक्की असेल, स्तन लहान असेल, अंगावर चरबी कमी असेल आणि बसवणारा सर्जन सोलापुरातच असेल, तर इम्प्लांटचं गणित पूर्ण उलटतं. तेव्हा तेच सोपं.

मला शेक घ्यायचा आहे. त्याने काय फरक पडतो?

खूप पडतो. बाकी विसरलात तरी हे लक्षात ठेवा.

शेकाने कातडी आणि खालचं मांस आवळतं, बारीक नसा कमी होतात, जखम हळू भरते. आत इम्प्लांट असेल तर त्याच्याभोवती शरीर जे पातळ वेष्टण तयार करतं ते जाड आणि कडक होऊ लागतं. स्तन वर ओढला जातो, दगडासारखा लागतो, दुखतो. शेक न घेतलेल्या बाईपेक्षा घेतलेल्या बाईत हे होण्याची आणि इम्प्लांट काढावं लागण्याची शक्यता बरीच जास्त असते.

माझ्या बाबतीत एका रुग्णालयात स्तन काढतानाच इम्प्लांट बसवून देतो म्हणाले. एकाच भुलीत दोन कामं, आम्ही सगळे खूश. काखेतल्या गाठींचा रिपोर्ट यायचा होता. गाठींत आजार निघाला तर शेक लागेल आणि शेक लागला तर इम्प्लांटचं काय होईल, हे कुणी बोललं नाही. मला ते कळलं केमोच्या खोलीत शेजारच्या खुर्चीतल्या बाईकडून, तिचं काढावं लागलं होतं. मी नको म्हटलं. पुढे चार गाठींत आजार निघाला आणि शेक लागला.

शेकाची शक्यता असेल तर बरेच सर्जन सांगतात: आता फक्त आजार काढू, शेक पुरा होऊ दे, कातडी निवळू दे, आणि साधारण सहा महिने ते वर्षभराने फ्लॅप करू. त्या आवळलेल्या जागी पाठीचं किंवा पोटाचं ताजं, रक्त असलेलं मांस आलं की जखम भरायला मदतच होते.

लगेच करावं की नंतर?

लगेच केलं की एक भूल वाचते, कातडी जास्त वाचवता येते, आकार चांगला येतो आणि सपाट छाती बघण्याचा तो पहिला दिवस येत नाही. शेवटचं कारण काही जणींसाठी फार मोठं असतं, त्याला हसू नये.

पण लगेच केलेल्या ऑपरेशनमध्ये जखम चिघळली तर पुढची केमो लांबते. ऑपरेशननंतरची केमो साधारण चार ते सहा आठवड्यांत सुरू व्हावी अशी अपेक्षा असते. आपल्याकडे जखम चिघळायची कारणं जास्त आहेत: रक्त कमी, साखर वाढलेली, आणि ड्रेसिंगला वेळेवर न येणं. म्हणून डॉक्टर "नंतर करू" म्हणाले तर ते टाळतायत असं समजू नका. मी दोन वर्षांनी केलं, काही बिघडलं नाही. पाच-दहा वर्षांनीही करता येतं.

पाठीचा स्नायू काढला तर भाकरी थापता येईल का ओ?

हा अस्सल सोलापुरी प्रश्न आहे आणि मीही तोच विचारला होता. येते. पहिले दीड-दोन महिने परातीत पीठ मळताना खांदा ओढतो, हात वर करून फळीवरचा डबा काढताना तर जास्तच. व्यायाम नेटाने केला तर ओढ कमी होते. भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची, रोज कालच्या खुणेच्या वर एक रेघ. माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर पेन्सिलीच्या रेघा अजून आहेत.

हा पंख्यासारखा पसरलेला स्नायू हात खाली आणि मागे ओढायच्या कामी येतो. जमिनीवर हात टेकून उठताना, विहिरीचा दोर ओढताना, जड काही खेचताना त्याची उणीव जाणवते. बिडी वळणाऱ्या किंवा शिलाई मशीनवर बसणाऱ्या बाईला फारसा त्रास होत नाही. शेतात किंवा मागावर ओढाओढीचं काम असेल तर सर्जनला तसं आधीच सांगा, आणि कोणत्या हाताने काम करता तेही. कुबड्या वापरत असाल तर हे ऑपरेशन विचारपूर्वकच.

खरा त्रास वेगळा आहे: पाठीत पाणी साठणं. ड्रेन काढल्यावरही पाणी साठतं आणि ते सुईने काढावं लागतं. माझं चार वेळा काढलं. पहिल्या दोन वेळी सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला गेले, दहा मिनिटांचं काम करून संध्याकाळच्या हुतात्माने परत आले. तिसऱ्यांदा पुण्याच्या डॉक्टरांनीच विचारलं, "हे सोलापुरात कुणीही सर्जन करेल, इतक्या लांब कशाला येता?" हे त्यांनी आधी सांगितलं असतं किंवा मी आधी विचारलं असतं तर हजार किलोमीटर वाचले असते. तुम्ही विचारा.

पाठीचं मांस थोडंच असतं, हेही खरं. दुसरा स्तन मोठा असेल तर आजूबाजूची चरबी जास्त घेतात, खाली इम्प्लांट ठेवतात, किंवा दुसरा स्तन लहान करतात. किंवा थोडा फरक राहू देतात आणि तेवढ्यापुरती छोटी उशी. मी शेवटचं केलं.

पोटाचं मांस घेतलं तर पोटही कमी होईल ना?

होतं, आणि हे सांगताना काही डॉक्टर जरा जास्तच हसतात. मांस भरपूर मिळतं, इम्प्लांट लागत नाही, आकार छान येतो. पण नस जोडलेली ठेवून केलेल्या प्रकारात पोटाच्या पुढच्या दोन उभ्या पट्ट्यांपैकी एक स्नायू जातो. मग पोट ढिलं पडणं, फुगणं किंवा हर्निया होणं, हे धोके असतात. पाण्याच्या घागरी उचलणाऱ्या, दिवसभर वाकून काम करणाऱ्या बाईने हे पुन्हा एकदा विचारात घ्यावं. पुढे मूल हवं असेल तरी. पोटावर आधीचे टाके असतील तर दाखवा. खालच्या आडव्या सिझेरियनच्या टाक्याने बहुधा अडत नाही, पण वरच्या पोटावर मोठी चीर असेल तर नसच कापली गेलेली असू शकते. फार लठ्ठपणा, साखर आणि तंबाखू, यांत तो भाग काळा पडण्याची भीती जास्त.

मायक्रोस्कोपचं ऑपरेशन सगळ्यात चांगलं म्हणतात?

चांगलं आहेच. पोटाची कातडी आणि चरबी घेतात, स्नायू जवळजवळ पूर्ण वाचतो. ऑपरेशन सहा-आठ तास किंवा अधिक चालतं. पहिले एक-दोन दिवस तासातासाला मांसाचा रंग आणि ऊब बघावी लागते. जोडलेल्या नसेत गुठळी झाली तर मध्यरात्रीसुद्धा लगेच परत थिएटरमध्ये न्यावं लागतं, नाहीतर सगळं मांस मरतं. म्हणून हे तिथेच करावं जिथे ते नेहमी होतं आणि रात्रीची टीम जागी असते. वर्षातून एखादं करणाऱ्या ठिकाणी नको.

मी मिश्री लावते. सांगायला हवं का?

सांगायलाच हवं. "धूम्रपान करता का?" असं फॉर्मवर विचारतात, आपण "नाही" लिहितो, आणि ते खरंही असतं. मिश्री कुणी विचारत नाही, सासूसमोर तर कुणी सांगतही नाही. पण मिश्रीतलं निकोटीन रक्तात जातंच आणि बारीक नसा आवळतं. फ्लॅप जगतो तो याच बारीक नसांवर. निदान चार आठवडे आधी पूर्ण बंद, आणि जखम भरेपर्यंत बंदच. बिडी वळत असाल तर तेही सांगा: तंबाखूची धूळ नाकातोंडात आणि हातांवर दिवसभर असते, त्या काळात काम थांबवता येईल का ते बघा.

साखर, बीपी, रक्त कमी?

यांनी दार बंद होत नाही, फक्त आधी आटोक्यात आणावं लागतं. पुनर्रचना, म्हणजे स्तन पुन्हा करणं, नंतर करणार असाल तर हे करायला वेळ मिळतो. आजार परत येऊ नये म्हणून देतात ती टॅमोक्सिफेनची गोळी चालू असेल तर तेही सांगा, गुठळीच्या भीतीने काही सर्जन ती थोडे दिवस थांबवायला सांगतात. मनानं थांबवू नका.

कॅन्सर परत आला तर आतल्या आत लपून राहील का?

नाही. पुनर्रचनेमुळे आजार परत येण्याची शक्यता वाढत नाही. परत आला तर बहुधा कातडीत किंवा तिच्या लगेच खाली येतो आणि हाताला लागतो. फ्लॅपमध्ये कधी कधी थोडी चरबी मरून कडक गाठ होते. घाबरू नका, पण स्वतःच ठरवूही नका, दाखवा. दुसऱ्या स्तनाची दरवर्षीची मॅमोग्राफी चुकवू नका, आपण ती हमखास विसरतो.

खरखरीत पृष्ठभागाच्या काही इम्प्लांटांमुळे, क्वचित, वेष्टणात एक वेगळाच कॅन्सर (लिम्फोमा) होतो असं दिसलं आणि २०१९ मध्ये त्यांतली काही जगभरातून परत घेतली गेली. म्हणून कोणतं बसवलं त्याचं कार्ड मागून घ्या आणि रेशनकार्डाजवळ ठेवा. वर्षांनंतर अचानक सूज आली तर ते कार्ड घेऊनच जा.

पैशांचं कसं?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी आहे, वर्षाला पाच लाखांपर्यंत. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. त्याला "कॅन्सर योजनेत बसतो का?" असं मोघम विचारू नका. "स्तन काढणं आणि फ्लॅप हे एकाच पॅकेजमध्ये आहे की वेगळं, इम्प्लांट धरलंय का, आणि नंतर करायचं असेल तर मंजुरी आधी लागेल का?" असं विचारा, आणि उत्तर कागदावर घ्या.

खासगी विमा असेल आणि कंपनी "ही सौंदर्यशस्त्रक्रिया आहे" म्हणाली तर पॉलिसीतलं ते कलम पूर्ण वाचा. विमा नियामकाने ठरवून दिलेल्या कलमात अपघात, भाजणं आणि कॅन्सर यांनंतरची पुनर्रचना त्या वगळण्यातून बाहेर ठेवली आहे. एका बाईचा फेटाळलेला दावा याच ओळीवर मंजूर झाला.

धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन आणि दहा टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी राखीव असतात. उत्पन्नाचा दाखला आधी काढून ठेवा. बिडी कामगार असाल तर कार्ड घेऊन कामगार कल्याणच्या दवाखान्यात जा आणि कॅन्सर उपचारांच्या परताव्याचं विचारा, तेही उपचार सुरू व्हायच्या आधी. रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत भाडं माफ असतं, सोबतच्याला ७५ टक्के सवलत. त्यासाठी रुग्णालयाचं ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. मुंबईला टाटाला जायचं झालं तर रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस, आणि राहायला दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा. तिथे जागेसाठी रुग्णालयाचे कागद जवळ ठेवा.

पुण्या-मुंबईला जावं की इथेच करावं?

माझं मत: आजाराचं ऑपरेशन जिथे तपासण्या, केमो आणि शेक एकमेकांशी बोलून होतात तिथे. पुनर्रचना जिथे ती वरचेवर होते तिथे. आणि त्यानंतरची देखभाल सोलापुरात. हे तिसरं कुणी ठरवून ठेवत नाही. निघण्याआधीच इथल्या एका सर्जनला भेटा, "पुण्याला फ्लॅप करून घेणार आहे, ड्रेन आणि पाणी काढायचं तुम्ही बघाल का?" असं विचारा. हो म्हणाले की त्यांचा नंबर तिकडच्या डॉक्टरांना द्या. डिस्चार्ज कार्डाबरोबर ऑपरेशनची सविस्तर नोंद मागून घ्या. नस कुठली ठेवलीय हे माहीत नसताना इथला सर्जन सुई घालायला धजत नाही, आणि ते बरोबरच आहे.

घरी आल्यावर कशाने धावपळ करायची?

फ्लॅपचा भाग निळा, काळा किंवा गार पडला, अचानक टम्म सुजला, ड्रेनमध्ये लाल रक्त भराभर आलं, ताप आला, जखमेतून वास येऊ लागला. यात सकाळची वाट बघायची नाही. ड्रेनचं पाणी रोज मोजून वहीत लिहा. चोवीस तासांत साधारण ३० मिलिलिटरच्या खाली आलं की काढतात. बाटलीसाठी गळ्यात अडकवायची कापडी पिशवी शिवून घ्या, नऊवारी असो की गाऊन, दोन्हीवर चालते.

कापडी उशी घरी करता येते का?

येते, आणि माझ्या मते प्रत्येकीने पहिली घरीच करावी. मऊ सुती कापडाची दोन गोल तुकड्यांची पिशवी, आत कापूस, आणि तळाला वजनासाठी मोहरीची छोटी पुरचुंडी. वजन नसलं की ब्रा त्या बाजूने वर सरकते, हात उचलला की तर लगेच कळतं. वजन किती? काठोकाठ भरलेल्या पातेल्यात वाकून दुसरा स्तन बुडवा, सांडलेलं पाणी मोजा, जवळजवळ तितके ग्रॅम. हसू येतं करताना, पण हिशेब बरोबर निघतो. पूर्ण वजन लगेच नको, निम्म्यापासून सुरू करा. ब्राला आतून खिसा शिवा. टाके भरेपर्यंत फक्त कापसाची, मोहरी नंतर. धुताना पुरचुंडी बाहेर काढा. मी एकदा विसरले, चौथ्या दिवशी मोड आले.

सिलिकॉनची तयार उशी दिसायला खरी असते, किंमत काही हजारांत. पण आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो, तेव्हा तिच्याखाली घामाची तळी होतात. दोन्ही ठेवा: लग्नकार्याला ती, घरात कापडी.

स्पर्श कळतो का? आणि बोंडीचं काय?

स्पर्श पूर्वीसारखा कळत नाही, काही जणींना कडेकडेने थोडा येतो. म्हणून गरम पाण्याची पिशवी त्या जागी ठेवू नका, भाजलेलं समजत नाही. बोंडी नंतर छोट्या ऑपरेशनने करता येते किंवा गोंदवून घेता येते. मी केली नाही.

घरचे म्हणतात, या वयात कशाला?

माझ्या सासूबाईही म्हणाल्या होत्या. मी त्रेपन्न वर्षांची होते. त्यांना म्हटलं, "आई, तुमचे दात पडले तेव्हा कवळी कशाला केली?" त्या दिवसभर बोलल्या नाहीत, आणि ऑपरेशनला सोबत त्याच आल्या. नवऱ्यांसाठी एवढंच: "मला काही फरक पडत नाही" हे वाक्य प्रेमाने म्हटलेलं असतं, पण ऐकणारीला ते "मला विचारूच नकोस" असं ऐकू येतं. तिला काय हवंय ते विचारा. आणि उलटही: नवऱ्याला हवं म्हणून आठ तासांच्या भुलीखाली जाऊ नका.

टेलरला काय सांगायचं?

पुनर्रचना झाली तरी दोन्ही बाजू हुबेहूब सारख्या नसतात, म्हणून दोन्हीकडची मापं वेगवेगळी घ्यायला लावा. ऑपरेशनच्या बाजूची काख अर्धा इंच सैल ठेवा. हुक पुढे ठेवा, पहिले काही महिने हात मागे जात नाही. अस्तर सुती. आणि टेलर पुरुष असेल, सांगायला संकोच वाटत असेल, तर जुनं बसणारं ब्लाऊज मापाला द्या आणि त्यावर खडूने खुणा करून द्या. मी अजून तेच करते.